चौकात सायकल जपून : उसाच्या गाड्या रस्त्यावर आहेत

श्रीगोंदा तालुक्यात कारखान्यांचे गळीत सुरू झाले की रस्त्यांचे रूप बदलते. उसाने भरलेले दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, ट्रक, बैलगाड्या, त्यातच एसटी आणि मोटारसायकली. नगर-दौंड रस्त्यावरच्या काष्टीत बाजाराच्या दिवशी तर विचारूच नका. या गर्दीतून सायकल काढतात ती बहुतेक आपलीच माणसे : पहाटे कामाला निघालेले मजूर, रात्रपाळीचे वॉचमन, शाळेला जाणाऱ्या मुली. घरचा कमावता माणूस एकदा अंथरुणाला खिळला की घर कर्जात जाते आणि पोरांची शाळा सुटते. म्हणून हा विषय आम्ही आरोग्याच्या पानावर घेतला आहे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते २९ वर्षे वयाच्या मुला-माणसांच्या मृत्यूचे पहिले कारण रस्ते अपघात हेच आहे. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसे रस्त्यावर गेली.

धोका कुठे असतो?

लांब गाडी डावीकडे वळते तेव्हा तिची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतल्या बाजूने कापत येतात. ट्रॉल्या दोन असतील तर शेवटची आणखी आत येते. ट्रॅक्टर पुढे गेला म्हणून आपण डावीकडून सायकल घातली, तर थेट त्या चाकाखाली सापडतो. शिवाय त्या जागी आपण चालकाला दिसतही नाही. म्हणून चौकात मोठ्या गाडीच्या डाव्या अंगाला कधीही थांबू नका. तिच्या मागे, अंतर ठेवून उभे राहा आणि तिला आधी जाऊ द्या.

उजवीकडे वळायचे असेल आणि गर्दी असेल तर सायकलवरून उतरा आणि हातात धरून रस्ता ओलांडा. पाच मिनिटे उशीर झाला तरी चालेल. उलट्या बाजूने येऊ नका, कानात हेडफोन घालू नका.

सायकलची तयारी

ब्रेकचे रबर झिजले असेल तर बदला. पावसात रिम ओली झाली की ब्रेक उशिरा लागतो, तेव्हा वेग आधीच कमी करा. मागच्या मडगार्डला लाल आणि पुढे पांढरी रेडियमची पट्टी लावा. अंधारात फिकट रंगाचे कपडे घाला आणि बॅटरीचा दिवा लावा. हेल्मेट घातले तर डोक्याच्या गंभीर दुखापतीचा धोका निम्म्याहून कमी होतो. मुलांना कॅरिअरवर बसवताना पाय चाकात जाणार नाहीत, एवढे पाहा.

अपघात झालाच तर

१०८ ला फोन करा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. जखमेवर हळद, तंबाखू, चहापूड टाकू नका. मान किंवा पाठ दुखत असेल तर ओढून उठवू नका. शुद्ध नसलेल्याला पाणी पाजू नका. डोक्याला मार लागल्यावर माणूस बरा वाटला, तरी पुढच्या काही तासांत उलटी, झापड, बडबड किंवा कान-नाकातून रक्त दिसले, तर लगेच दवाखाना गाठा. खरचटले असले तरी धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा.

जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देतील, या भीतीने लोक पुढे येत नाहीत. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४-अ अशा माणसाला संरक्षण देते.

पैशाअभावी उपचार थांबू देऊ नका

केंद्राच्या २०२५ च्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीला ठरवून दिलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचा उपचार रोख पैसे न भरता मिळतो. धडक देऊन पळालेली गाडी सापडली नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये भरपाई आहे. त्यासाठी पोलिसांत नोंद करा, दवाखान्याचे कागद जपा आणि तहसील किंवा प्रांत कार्यालयात अर्जाची चौकशी करा.

वस्तीने काय करावे?

विहारातल्या रविवारच्या बैठकीत अर्धा तास या विषयाला द्या. एकाने रेडियमची गुंडाळी आणावी आणि वस्तीतल्या सगळ्या सायकलींना पट्टी लावून घ्यावी. चौकात दिवा आणि गतिरोधक हवा, म्हणून नगरपरिषदेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे सह्यांचा अर्ज द्या. ट्रॉल्यांच्या मागे रिफ्लेक्टर हवेत, हे कारखान्याला लेखी कळवा. दोन्ही अर्जांची पोच घ्यायला विसरू नका.