एका अक्षरासाठी ४१ बाइट

दूरच्या सर्व्हरवर एक अक्षर टाइप केले की १ बाइट मजकुरासोबत ४० बाइटांचे टीसीपी-आयपी हेडर जाते. मंद नेटवर्कला ही उधळपट्टी परवडेना, म्हणून फोर्ड एरोस्पेसमधील जॉन नेगल यांनी १९८४ साली उपाय मांडला: आधीच्या पॅकेटची पोच येईपर्यंत पुढची किरकोळ अक्षरे साठवायची, मग एकत्र पाठवायची. उपाय उत्तमच. अडचण आली ती दुसऱ्या एका बचतीमुळे. पलीकडचा संगणकही पोच लगेच देत नाही. उत्तरासोबतच ती धाडता यावी म्हणून थांबतो, काही प्रणालींत २०० मिलिसेकंदांपर्यंत. त्यामुळे प्रोग्रॅमने विनंती दोन तुकड्यांत लिहिली, की दुसरा तुकडा पोचेसाठी अडतो आणि पोच दुसऱ्या तुकड्यासाठी. बँडविड्थ कितीही वाढवा, हा खोळंबा हटत नाही.

दूरच्या सर्व्हरवर काम करण्याचे साधन एसएसएच, ऑनलाइन गेम अशा ठिकाणी ‘टीसीपी नोडिले’ हा पर्याय लावून नेगल पद्धत बंद करतात. पण त्याआधी प्रोग्रॅमच तपासावा. पूर्ण विनंती एकदम लिहिली तर दुखणे बहुधा मुळातूनच जाते. अंतराचा विलंब मात्र उरतो. तिथे एमआयटीतील संशोधकांनी २०१२ साली मांडलेले ‘मॉश’ हे एसएसएचसारखे साधन सर्व्हरचे उत्तर येण्याआधीच अक्षर अंदाजाने पडद्यावर उमटवते.