शिकवायचे कुणाला? पंडिता रमाबाई आणि बिशपांची हरकत

पंडिता रमाबाईंच्या धर्मांतरावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. धर्मांतरानंतर चर्चच्या अधिकाऱ्यांशी त्यांचे जे खटके उडाले, त्यांवर मात्र कमीच. अ. भि. शहा यांनी संपादित केलेला आणि १९७७ साली साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केलेला त्यांचा पत्रसंग्रह मी शारदा सदनाच्या माहितीसाठी उघडला आणि त्यातल्या एका वादापाशी थांबले.

१८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. तिथे त्यांनी तरुण पुरुषांनाही शिकवावे, अशी कल्पना निघाली. मुंबई आणि लाहोर येथील बिशपांनी तिला हरकत घेतली. रमाबाईंच्या विद्वत्तेविषयी शंका हे तिचे कारण नव्हते. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनीच त्यांना ‘सरस्वती’ ही पदवी दिली होती. बिशपांचे म्हणणे असे, की बाई पुरुषांना शिकवते हे कळले तर हिंदुस्थानात तिचे वजन राहणार नाही.

रमाबाईंनी यावर आश्चर्य व्यक्त केले. आपल्या आईने आणि आपण तरुणांना शिकवण्यास आपले वडील वा पती यांनी कधी आडकाठी केली नाही, हे त्यांनी कळवले. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे सनातनी ब्राह्मण होते, हे इथे ध्यानात घ्यायला हवे.

मला या वादाचे मर्म इथे दिसते. चर्च समाजाच्या रूढीकडे बोट दाखवते, समाज धर्माकडे. दोघांच्या मध्ये बाईची योग्यता कुणी तपासतच नाही. ‘तुमच्याच भल्यासाठी’ असे म्हणून केलेली ही अडवणूक उघड विरोधापेक्षा खोडून काढायला कठीण असते.

पुढे रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशन उभारले, मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले, आश्रमातल्या स्त्रियांना छापखान्याचे काम शिकवले. नेतृत्व त्यांना मिळाले, पण ते स्वतः उभारलेल्या संस्थेत.

चर्च ऑफ इंग्लंडमध्ये स्त्रियांना पुरोहितपद मिळायला १९९४ साल उजाडले, बिशपपद मिळायला २०१५. चर्च ऑफ साउथ इंडियात ई. पुष्पा ललिता २०१३ साली पहिल्या स्त्री बिशप झाल्या. रोमन कॅथलिक चर्चमध्ये पुरोहितपद आजही पुरुषांनाच आहे. कुठल्याही धर्मातल्या वा संस्थेतल्या बाईला ‘लोक काय म्हणतील’ म्हणून थांबवले जाते, तेव्हा त्या लोकांना खरोखर कुणी विचारले होते का, एवढे तरी आपण विचारावे.