ओल भिंतीला, घोर जिवाला

पावसाची पहिली सर आली की सगळ्यांना कांदाभजी आठवतात. मला मात्र आधी आठवते ती आमच्या पुढच्या खोलीची पश्चिमेकडची भिंत. मैत्रिणींनो, भाड्याच्या घरात राहणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको. घर आपलं नसतं, पण भिंतीला ओल आली की झोप आपलीच उडते!

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आम्ही राहतो. खाली घरमालक काका-काकू, वरच्या मजल्यावर आम्ही, आणि आमच्या डोक्यावर उघडी गच्ची. २०१९ साली आम्हाला तिथे नऊ वर्षं झाली होती. भाडं ४ हजार, डिपॉझिट २० हजार. कागद म्हणाल तर एकही नाही. "आपल्यात कसला आलाय करारनामा?" असं काका म्हणाले होते आणि आम्हालाही ते गोड वाटलं होतं.

त्या वर्षी आषाढी एकादशी झाली आणि तीन दिवसांनी रात्री धो धो पाऊस लागला. हे एसटीत कंडक्टर, ते मुक्कामाच्या गाडीवर. मी शिलाईकाम करते. पहाटे उठून पाहते तर भिंतीवरून पाण्याचा ओघळ थेट स्विचबोर्डावर आणि तिथून खाली रचलेल्या कपड्यांवर. गौरी-गणपतीच्या ऑर्डरी नुकत्याच यायला लागल्या होत्या. चौदा ब्लाउजपीस भिजले आणि फॉल लावायला आलेल्या एका इरकल साडीचा लाल रंग काठाबाहेर पसरला. मी आधी मेन स्विच बंद केला, पोरांना आतल्या खोलीत नेलं आणि मग त्या साडीकडे बघून रडले.

सकाळी काकांना वर बोलावलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून भिंत पाहिली आणि म्हणाले, "वहिनी, तुमच्या मोरीचं पाणी मुरतंय. दिवसभर कपडे आपटता, मग काय होणार?"

नऊ वर्षांत काकांना मी कधी उलट बोलले नव्हते. त्या दिवशीही बोलले नाही. पण मनात आलं, मोरी एका टोकाला, भिंत दुसऱ्या टोकाला. पाणी काय एसटी पकडून गेलं?

खडूची रेघ

तक्रार करायची तर आधी आपली खात्री हवी. माझ्याकडे शिंप्याचा खडू होताच. रोज सकाळी ओल जिथपर्यंत आली असेल तिथे मी रेघ मारायची आणि बाजूला तारीख लिहायची. मोबाईलवर फोटो काढून ठेवायची. पाऊस पडला की ओल वीतभर पुढे सरकायची. मध्ये चार दिवस उघडीप मिळाली. त्या चार दिवसांत मी मोरीत मुद्दाम रोजच्यापेक्षा जास्त कपडे धुतले, पण रेघ होती तिथेच! पाण्याची पाइपलाइन किंवा मोरी गळत असेल, तर ओल उन्हाळ्यातही राहते. पावसाबरोबर वाढते आणि उघडीप मिळाली की थांबते, ती बहुधा गच्चीची.

मग काकूंना विचारून एका ओळखीच्या गवंड्याला गच्चीवर नेलं. पाणी जायच्या भोकात आंब्याची पानं आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकलेल्या. त्यामुळे गच्चीवर घोटाभर पाणी साचलेलं. कठडा आणि स्लॅब जिथे मिळतात तिथे लांबलचक भेग. गवंडी म्हणाला, "ताई, पावसात सिमेंटचं काम टिकायचं नाही. आत्ता भोक मोकळं करतो, भेगेवर ताडपत्री टाकतो. पक्कं काम दिवाळीनंतर." पक्क्या कामाचा अंदाज त्याने माझ्याकडूनच कागद घेऊन लिहून दिला : साडेनऊ हजार.

काकांनी तो कागद वाचलासुद्धा नाही. "बघू पुढे," एवढंच म्हणाले.

भाडं थांबवू का?

आमचे धाकटे दीर तापट. ते म्हणाले, "वहिनी, भाडं द्यायचं बंद करा, आपोआप ताळ्यावर येतील." मलाही ते पटलं होतं, खोटं कशाला सांगू? पण पलीकडच्या शाळेतल्या बाईंनी मला थांबवलं आणि कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे जायला सांगितलं. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला मोफत कायदेशीर मदत मिळते, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. मला हे माहीतच नव्हतं. कोर्टाची पायरी चढताना पाय लटपटत होते, पण तिथल्या वकीलबाईंनी आधी पाणी दिलं आणि मग नीट समजावलं.

पहिली गोष्ट त्या म्हणाल्या ती ही, की भाडं थांबवायचं नाही. भाडेकरू भाडं देत असतो तोवर कायदा त्याच्या बाजूने उभा राहतो. थकवलं की घर खाली करून मागायला मालकाला आयतं कारण मिळतं. भाडं वेळेवर द्यायचं आणि पावती मागून घ्यायची. पावती देणं मालकावर बंधनकारक आहे.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधलं कलम १४ सांगतं, की वेगळं काही ठरलेलं नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम. भाडेकरूने नोटीस दिल्यावर १५ दिवसांत मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. पण एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नाही. माझं वर्षाचं भाडं ४८ हजार, म्हणजे मर्यादा १२ हजार. साडेनऊ हजार त्यात बसत होते. आणि रागाच्या भरात मालकाने पाणी किंवा वीज तोडली, तर त्याविरुद्धही त्याच कायद्यात कलम २९ आहे.

मात्र त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. हा कायदा त्याच्या यादीतल्या गावांना आणि शहरांनाच लागू होतो, म्हणून आपलं गाव त्यात आहे का ते आधी बघायचं. आणि ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार असेल तर हिशेब वेगळा. तिथे करारात दुरुस्तीबद्दल काय लिहिलंय त्यावर सगळं ठरतं. म्हणून सही करण्याआधी ते कलम वाचायचंच. करार लेखी करून त्याची नोंदणी करणं ही मालकाची जबाबदारी असते.

साडीचं काय, म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, "ते भाड्यातून परस्पर कापू नका. ती भरपाई वेगळी मागायची."

पत्र

घरी येऊन रात्री पत्र लिहिलं. वकीलबाईंनी सांगितलं होतं, आरोप नको, हकिगत हवी. मी लिहिलं :

"आदरणीय काका, सा. न. वि. वि. दि. १५ जुलैपासून पुढच्या खोलीच्या पश्चिमेकडील भिंतीत गच्चीचे पाणी झिरपत आहे. स्विचबोर्ड भिजल्याने मुलांना धोका आहे. फोटो आणि गवंड्याचा अंदाज सोबत जोडला आहे. गच्चीवर तात्पुरती ताडपत्री लगेच टाकावी, आणि पक्क्या दुरुस्तीची तारीख हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी कळवावी, ही विनंती. भाडे नेहमीप्रमाणे देत आहे."

दोन प्रती केल्या. एक काकांच्या हातात दिली, दुसरीवर "मिळाली" म्हणून सही मागितली. काकांचा चेहरा उतरला. "मला नोटीस देता वहिनी?" म्हणाले. माझ्याही पोटात खड्डा पडला. पण सही त्यांनी केली. (सही मिळाली नाही तर टपालाने पाठवावं. जुनं रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात सामावलं गेलंय. तेव्हा आता स्पीड पोस्टने पाठवून पोच जपून ठेवायची.)

पुढचे आठ दिवस जिन्यात कोणी बोललं नाही. नवव्या दिवशी काकू वर आल्या. हातात तांदळाच्या घावनांची ताटली. खाली बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "बरं केलंस पत्र दिलंस. पेन्शनीत आमचं भागत नाही. घराचे पैसे मुंबईचा मुलगा बघतो. त्याला फोनवर सांगितलं की म्हणतो, भाडेकरूंचं रडगाणं रोजचंच. आता तुझं पत्र आणि ते फोटो त्याला पाठवलेत."

मी गप्पच झाले. काका कद्रू आहेत असं मी धरून चालले होते. ते अडचणीत होते, आणि ते सांगायची त्यांना लाज वाटत होती.

मुलगा गणपतीला गावी आला. भिंतीवरच्या खडूच्या रेघा त्याने स्वतः पाहिल्या. ताडपत्री लगेच आली, पक्कं काम डिसेंबरात झालं, आणि ते त्यांनीच केलं. भाड्यातून एक रुपया कापावा लागला नाही. आतला रंग आम्ही आमच्या हाताने दिला. साडीवालीला मी १८०० रुपये भरून दिले होते. त्यातले हजार काकूंनी दिले, आठशे माझ्या अंगावर पडले. सगळंच मनासारखं झालं असं नाही म्हणणार मी.

पण एक गोष्ट पक्की कळली. गोड बोलायचं तोंडाने, आणि व्यवहार ठेवायचा कागदावर. आपण बायका कागद काढायला कचरतो, कारण नातं तुटेल असं वाटतं. आमचं तुटलं नाही. तोंडी तक्रारीने मी आणि काका दोघंही नुसते धुमसत होतो. कागदाने निदान काय झालंय ते सगळ्यांना दिसलं.

आता दर मे महिन्यात काका आणि मी गच्चीवर जाऊन ते भोक साफ करतो. काका पानं काढतात, मी बादलीभर पाणी ओतून बघते. आणि गल्ल्याच्या डब्यात भाड्याच्या पावत्या रबर लावून ठेवलेल्या असतात.

तुमच्या भिंतीला ओल असेल, तर आजच खडू शोधा.