कोणतं चाक बांधायचं, आणि कधी? कॅम्पर व्हॅनचा डिफरन्शियल लॉक

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एक निवृत्त जोडपं मला भेटलं. त्यांनी फोर-व्हील ड्राइव्ह व्हॅन घेतली आहे आणि तिच्यात पलंग, ओटा, पाण्याची टाकी असा संसार बसवला आहे. आता पुंजीतले उरलेले पैसे डिफरन्शियल लॉकवर घालायचे, तर कोणत्या? तत्त्वज्ञानाच्या माणसाला हे का विचारायचं, असं तुम्हाला वाटेल. पण अशी व्हॅन मीही चालवतो, आणि अडकवूनही बसलो आहे. शिवाय या प्रश्नातला निम्मा घोळ शब्दांचा आहे, आणि शब्दांचे घोळ सोडवण्याचा तर मला आयुष्यभर पगार मिळाला.

गाडी वळते तेव्हा बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापतं. दोन चाकांत १.६ मीटर अंतर असेल, तर काटकोनात वळताना बाहेरचं चाक सुमारे अडीच मीटर जास्त चालतं. वळण मोठं असो की लहान, फरक तेवढाच. कागदावर काढून बघा. हा फरक चाकांना घेऊ द्यायचा, म्हणून डिफरन्शियल. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समध्ये ओनेसिफोर पेकर नावाच्या घड्याळजीने वाफेच्या गाडीसाठी त्याचं पेटंट घेतलं.

आता गॅरेजमध्ये हमखास ऐकू येणारं वाक्य घ्या: ‘सगळी ताकद घसरणाऱ्या चाकाला जाते.’ हे बरोबर नाही. घसरणाऱ्या चाकाला जातो तो वेग. जोर, म्हणजे टॉर्क, साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच देतो. समजा, चिखलातलं चाक फक्त १०० न्यूटन-मीटर टॉर्क पेलतं आणि कोरड्या खडकावरचं २००० पेलू शकतं. तरी खडकावरच्याला मिळणार १००च. एकूण २००. तीन टनांची व्हॅन, दहा मीटरला एक मीटर चढ आणि साधारण ३५ सेंटीमीटर त्रिज्येचं चाक असेल, तर नुसत्या चढासाठीच हजाराच्या वर लागतात. म्हणजे गाडी जागेवर. लॉक लावला की दोन्ही चाकं एका दांड्यावर असल्यासारखी फिरतात आणि प्रत्येक चाक आपल्या पकडीप्रमाणे जोर घेतं. हाताशी २१०० आले. इंजिन तेच, टायर तेच.

साधा डिफरन्शियल हा असा कट्टर समतावादी: दोघांना सारखं, आणि तेही दुबळ्याच्या मापाने. समता आणि न्याय यांतला फरक वर्गात शिकवताना मला हे उदाहरण माहीत असतं तर किती बरं झालं असतं!

यातून खरेदीसाठी पहिली गोष्ट कळते. लॉक पकड निर्माण करत नाही, असलेली पकड वापरू देतो. दोन्ही चाकं लोण्यासारख्या चिखलात असतील तर कोणताही लॉक तुम्हाला बाहेर काढणार नाही. म्हणून आधी चांगले टायर, वाळूत हवा कमी करायची सवय, पुन्हा हवा भरायला कॉम्प्रेसर, फावडं आणि ओढायचा पट्टा. लॉक त्यानंतर.

‘पण आमची तर फोर-व्हील आहे,’ असं त्या गृहस्थांनी म्हटलं. तेही तपासू. व्हॅनचं अंग लांब, मागचे पाटे कडक, त्यामुळे उंचसखल जागी तिची चाकं जीपपेक्षा लवकर अधांतरी होतात. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक उचललं गेलं की पुढचा डिफरन्शियलही साधा, मागचाही साधा. दोन चाकं हवेत गरगरतात आणि जमिनीवरची दोन स्वस्थ बसतात. इथे एका एक्सलला जरी लॉक असला तरी गाडी निघते.

मग कोणत्या एक्सलला? माझं मत स्पष्ट आहे: आधी मागच्या. चढावर वजन मागे जातं, म्हणजे पकड तिथेच असते. आणि पुढचा लॉक लावला की स्टिअरिंग जड होतं, गाडी सरळच जायला बघते, पुढच्या जॉइंटवर ताण येतो. पुढचा लॉक पैसे उरले तर, आणि सरावल्यावर. युरोपात फियाट डुकाटोसारख्या पुढची चाकं ओढणाऱ्या व्हॅनवर पुष्कळ कॅम्पर होतात. तिथे अर्थात दुसरा पर्यायच नाही.

आता प्रकार. लिमिटेड स्लिपचा दातेरी गिअरांचा प्रकार असतो, तो घसरणाऱ्या चाकाच्या काहीपट जोर दुसऱ्याला देतो. रस्त्यावर आणि ओल्या गवतावर छान. पण चाक पूर्ण हवेत गेलं तर? शून्याला कितीनेही गुणा. (अशा वेळी ब्रेक हलका दाबला तर थोडं काम होतं, तेवढंच.) स्वयंचलित लॉकर स्वतःच लागतो, स्वतःच सुटतो. स्वस्त पडतो, वायर नाही, बटण नाही. पण तो केव्हा लागेल हे तो ठरवतो. ओल्या घाटात, उंच आणि जड व्हॅनखाली, मागचा एक्सल आपल्या मनाने बांधला जावा हे मला नको वाटतं. आडव्या उतारावर बांधलेली दोन्ही चाकं एकदम सुटली की गाडीचा मागचा भाग खाली घसरतो, आणि आत तुमचं घर असतं.

म्हणून कॅम्परसाठी चालकाने लावायचा लॉक. हवेचा, विजेचा किंवा केबलचा. विजेच्यात नळ्या नाहीत, ही सोय. हवेच्यात नळी फुटू शकते, सील गळू शकतं; पण त्याला लागणारा कॉम्प्रेसर पुरेसा मोठा घेतला तर टायरमध्येही हवा भरतो. म्हणून मी हवेच्या बाजूला झुकतो. आपल्याकडच्या फोर्स गुरखाला पुढे-मागे दोन्हीकडे हाताने लावायचे लॉक कारखान्यातूनच येतात. आणि फोक्सवॅगनच्या जुन्या ‘सिंक्रो’ व्हॅन, ज्या १९८५पासून ऑस्ट्रियात ग्राझला बनत, त्यांच्या डॅशबोर्डवर लॉकची बटणं मिळत. आज त्या जुन्या गाड्यांत लॉक पुष्कळदा जाम झालेला असतो, कारण वर्षानुवर्षं कोणी लावलेलाच नसतो. महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर लावून, सरळ चालवून, काढत जा.

एक गोष्ट दुकानदार क्वचित सांगतो. लॉक असताना सगळा जोर एकाच हाफ शाफ्टवर येऊ शकतो. तुमचा एक्सल सेमी-फ्लोटिंग असेल तर शाफ्ट तुटल्यावर चाकच निसटू शकतं. फुल-फ्लोटिंगमध्ये चाक जागेवर राहतं. तेव्हा ‘कोणता लॉक चांगला?’ याच्या आधीचा प्रश्न: माझा एक्सल कोणता, त्याच्या शाफ्टला स्प्लाइन किती, आणि त्यासाठी लॉक बनतो का?

माझी फजिती सांगतो. स्पितीच्या वाटेवर, ग्राम्फूहून बातलकडे जाताना एक नाला लागला. दुपार झाली होती, म्हणजे बर्फ वितळून पाणी वाढलेलं. लॉक होता, पण मला वाटलं, बघू, अडकलो तर लावू. मधोमध मागचं डावं चाक गोट्यांत फिरायला लागलं. मी घाबरून अ‍ॅक्सिलरेटर दाबला, चाकाने स्वतःसाठी खड्डा खणला, मग मी बटण दाबलं. तोवर गाडी पोटावर टेकली होती. पत्नी खिडकीतून पाणी कुठवर आलं ते सांगत होती. एका ट्रकवाल्याने दोरखंड लावून काढलं आणि एवढंच विचारलं, ‘बाबूजी, लॉक पहले क्यों नहीं लगाया?’ पाण्यात शिरण्याआधी, थांबून, सरळ चाकांनी लावायचा, आणि पलीकडे कठीण जमीन लागली की लगेच काढायचा.

शेवटी प्रश्न आला: नव्या व्हॅनमध्ये ट्रॅक्शन कंट्रोल असतो, मग लॉक कशाला? तो घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून खोटी पकड देतो, आणि समसमान वाटणीच्या नियमाने दुसऱ्यालाही तेवढा जोर मिळतो. हुशार युक्ती आहे. पण आधी चाक घसरावं लागतं, आणि लांब चढावर ब्रेक तापतात. त्या जोडप्याच्या गाडीत तो आहे. बाई म्हणाल्या, आम्ही वर्षातून दोनदा कोकणात आणि एकदा हिमाचलात जाणार, तेही बहुतेक डांबरी रस्त्याने. मग मी त्यांना सांगितलं, या वर्षी टायर आणि कॉम्प्रेसर घ्या, लॉकचे पैसे बँकेत राहू द्या.