मल्टिपल स्क्लेरोसिस आणि तीव्र व्यायाम

मल्टिपल स्क्लेरोसिस (बहुविध काठिण्य) हा मेंदू, मेरुरज्जू व दृक्‌तंत्रिका यांचा दीर्घकालिक विकार होय. त्यात शरीराची रोगप्रतिकार यंत्रणाच तंत्रिका तंतूंवरील वसावरणावर (मायेलिनावर) आघात करते व नष्ट झालेल्या आवरणाच्या जागी कठीण चट्टे पडतात. फ्रेंच तंत्रिकावैद्य झां मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. विकार बहुधा २० ते ४० वर्षे वयात सुरू होतो व स्त्रियांत अधिक आढळतो. भारतात त्याचे प्रमाण कमी असले, तरी मुंबईतील पारशी समाजाच्या १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ते दर लाख लोकसंख्येस सु. २१ इतके आढळले.

पूर्वीची समजूत : जर्मन नेत्रवैद्य व्हिल्हेल्म उटहोफ यांना १८९० मध्ये असे दिसले की, श्रम केल्यावर काही रुग्णांची दृष्टी तात्पुरती मंदावते. याचे खरे कारण उष्णता हे होय, असे पुढे कळून आले. वसावरण गमावलेल्या तंतूंतून आवेगांचे वहन मुळातच दुर्बल असते. शरीराचे तापमान सु. ०·५° से. वाढले तरी ते खंडित होऊ शकते. शरीर थंड झाल्यावर लक्षणे ओसरतात व तंतूंना नवी इजा झालेली नसते. तथापि या तात्पुरत्या बिघाडामुळे श्रम अपायकारक मानले गेले आणि रुग्णांना दीर्घकाळ विश्रांतीचाच सल्ला दिला जाई. परिणामी मूळ विकाराच्या दौर्बल्यात निष्क्रियतेच्या दौर्बल्याची भर पडे.

संशोधन : अमेरिकेतील यूटा विद्यापीठात ५४ रुग्णांवर केलेला प्रयोग १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून तीनदा, प्रत्येकी ४० मिनिटे, याप्रमाणे १५ आठवडे हातापायांनी चालविण्याच्या यंत्रावर व्यायाम केलेल्या गटाची कमाल ऑक्सिजन ग्रहणक्षमता सु. २२ टक्क्यांनी वाढली. त्यानंतर क्रमाने भार वाढविण्याचे व्यायाम, तसेच थोड्या थोड्या विश्रांतीने केलेले अतितीव्र व्यायाम यांचेही परीक्षण झाले. त्यांनी स्नायूंचे बळ व दमसास वाढतो आणि या विकारातील त्रासदायक थकवा बऱ्याच रुग्णांत कमी होतो. २०१४ मध्ये २६ प्रयोगांचा एकत्र आढावा घेण्यात आला. त्यात व्यायामाने विकाराचा प्रकोप वाढल्याचे आढळले नाही.

मर्यादा : व्यायाम हा औषधोपचाराचा पर्याय नव्हे. डेन्मार्कमध्ये ८६ रुग्णांनी भाग घेतलेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात २४ आठवड्यांच्या तीव्र व्यायामाने दमसास सुधारला, पण मेंदूचे आकारमान घटण्यावर परिणाम दिसला नाही. बहुतेक प्रयोग चालू-फिरू शकणाऱ्या रुग्णांवर झालेले असल्याने त्यांचे निष्कर्ष अधिक अपंगत्व असलेल्यांना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

उष्ण प्रदेशातील दक्षता : पाचोरा, जळगाव, धुळे या खानदेशी भागात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान अनेकदा ४२° से.च्या वर जाते. शीत देशांत आखलेला व्यायामक्रम तेथे तसाच राबविणे इष्ट नाही. व्यायाम पहाटे किंवा हवेशीर, सावलीच्या खोलीत करावा. आधी गार पाण्याने अंग पुसावे, मध्ये थंड पाणी प्यावे व विश्रांतीचे टप्पे ठेवावेत. तोल जात असल्यास बसून चालविण्याची सायकल अधिक सुरक्षित ठरते. दृष्टी मंदावल्यास किंवा पाय जड झाल्यास थांबून अंग थंड करावे. लक्षणे २४ तासांहून अधिक टिकल्यास तो नवा प्रकोप असू शकतो व वैद्याचा सल्ला आवश्यक ठरतो.

सौम्य ते मध्यम अपंगत्व असलेल्या प्रौढांनी आठवड्यातून दोनदा ३० मिनिटे मध्यम श्रमाचा व दोनदा बलवर्धक व्यायाम करावा, अशी शिफारस कॅनडातील तज्ञांनी २०१३ मध्ये केली. तीव्र व्यायामाकडे या पायरीवरून, भौतिकोपचारतज्ञाच्या देखरेखीखाली, हळूहळू जावे. भारतात २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात या विकाराचा समावेश झाला असून १९८५ मध्ये स्थापन झालेली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था रुग्णांना साहाय्य करते.