गृहपाठात सापडलेलं झाड

मुकुंदवाडीतल्या दोस्तांनो, समजा उद्या वर्गात बाईंनी एका फांदीचं जुनं चित्र दाखवलं आणि म्हणाल्या, "हे झाड आता जगात कुठंच उरलेलं नाही. तरी आजूबाजूला बघा बरं!" तुम्ही शोधाल? की जे नाहीच ते शोधायचं कशाला, असं म्हणाल?

रॉड्रिग्ज बेटावर 1980च्या सुमारास अस्संच झालं. हे बेट मॉरिशस देशाचं. हो, तोच मॉरिशस! पूर्वी कोकणातून गेलेल्या लोकांची मराठी घरं तिथं आजही आहेत आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. मॉरिशसपासून पूर्वेला जवळपास 600 किलोमीटर गेलं की हे इवलंसं बेट लागतं. तिथल्या एका गुरुजींनी वर्गाला दुर्मीळ झाडं शोधायला सांगितली. त्यात 'कॅफे मारों' हेही होतं. 1870च्या दशकात शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली होती. पुढं ते कुणाला दिसेना, म्हणून नामशेष झालं असंच सगळे धरून चालले होते. आणि एक मुलगा त्याची फांदी घेऊन शाळेत हजर!

हे झाड कॉफीच्या कुळातलं, म्हणजे आपल्या अनंताचं आणि कदंबाचंही नातेवाईक. फुलं पांढरीशुभ्र, चांदणीसारखी. पण खरी गंमत पानांची आहे. लहानपणी पानं लांब, अरुंद आणि तपकिरी असतात. वाळलेल्या काटक्याच जणू. झाड उंच झालं की पानं हिरवीगार आणि रुंद येतात. असं का? शास्त्रज्ञांचा अंदाज असा की बेटावर पूर्वी राक्षसी कासवं होती. त्यांच्या तोंडाला येईल एवढ्या उंचीवर असेपर्यंत झाडानं वाळकं असल्याचं सोंग घ्यायचं, कासवाची मान पोचेना झाली की हिरवं व्हायचं! खलाशांनी खाऊन खाऊन ती कासवं संपवली. मग माणसांबरोबर शेळ्या आल्या. मागच्या पायांवर उभी राहून बाभळीचा पाला ओरबाडणारी शेळी तुम्ही पाहिली असेलच. तिच्यापुढं हे सोंग कसलं टिकतंय?

सापडलेलं झाड एकच होतं. बातमी पसरली आणि लोक औषध म्हणून त्याच्याच फांद्या तोडू लागले. कुंपण घातलं, ते पुरेना. मग आणखी कुंपण. शेवटी 1986 मध्ये काही फांद्या विमानानं लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानात पाठवल्या. त्यातली एक रुजली. सुटलो!

छे, कुठले सुटलो? गुलाबाची फांदी लावली तर तोच गुलाब येतो ना, तशी क्यूमधली सगळी रोपं म्हणजे तेच एक झाड, पुन्हा पुन्हा. ती फुलांनी लगडायची, पण फळ धरत नव्हती. वर्षं सरली तरी एक बी नाही! आणि बी नाही म्हणजे नवं, वेगळं झाड नाही. मला तर हा काळ सगळ्यात अवघड वाटतो, कारण झाड जिवंत होतं, फुलत होतं आणि तरीही संपायच्या वाटेवरच होतं.

कार्लोस मॅग्डालेना नावाचे तिथले माळी मात्र हटून बसले. फुलात मधोमध एक बारीक दांडी असते. तिच्या टोकाला, म्हणजे कुक्षीला, परागकण चिकटले आणि आत उतरले तरच बी तयार होतं. इथं पराग चिकटायचे, पण पुढं जायचेच नाहीत. कार्लोस यांनी काय केलं असेल? कुक्षीचं टोकच कापलं आणि कापलेल्या जागी पराग ठेवले! एका फुलावर नाही, कितीतरी फुलांवर. 2003 मध्ये एक फळ धरलं, आणि त्यात बिया होत्या.

पुढं आणखी फळं आली. बिया समुद्रापार रॉड्रिग्जला परत गेल्या आणि तिथं त्यांची रोपं झाली.

त्याच बेटावर 2007 पासून एका राखीव जागेत दुसऱ्या बेटांवरच्या जातीची राक्षसी कासवं फिरतात. कासव आणि कॅफे मारोंचं तपकिरी रोपटं समोरासमोर आलं, तर कासव फसेल का हो? तुम्हांला काय वाटतं, कळवा.