श्रवणयंत्राविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

वार्धक्यातील शारीरिक उणिवांपैकी दृष्टिमांद्याला आपल्या समाजात जेवढी सहानुभूती लाभते, तिचा शतांशही श्रवणमांद्याच्या वाट्याला येत नाही. मोतीबिंदू झालेल्या आजीला हात धरून रुग्णालयात नेणारे घर तिला ऐकू येईनासे झाले की मात्र ‘आता वयच झाले’ म्हणून स्वस्थ बसते. आणि त्याच घरात ‘आजोबांना सोयीचे तेवढेच ऐकू येते’ असा आरोप हसत हसत, पण वारंवार केला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अनुमानाप्रमाणे साठी ओलांडलेल्यांपैकी ६५ टक्क्यांहून अधिक लोकांच्या श्रवणशक्तीत कमीअधिक न्यूनता आलेली असते, आणि ज्यांना श्रवणयंत्राचा लाभ होऊ शकेल अशांपैकी अवघे १७ टक्के लोक ते वापरतात. ह्या तफावतीला यंत्राची किंमत कारण आहे हे खरेच. परंतु घरोघरी रुजलेले गैरसमजही तितकेच कारण आहेत.

प्रथम त्या ‘सोयीच्या ऐकण्या’चाच विचार करू. अंतःकर्णात गोगलगाईच्या शंखासारखी वळणे घेत गेलेली जी नलिका असते, तिच्यात जन्मतः सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात, आणि ध्वनिकंपनांचे मज्जातंतूंना उमगेल अशा संदेशात रूपांतर करण्याचे काम त्यांच्याकडे असते. ह्या पेशी एकदा नष्ट झाल्या की मनुष्याच्या शरीरात पुन्हा निर्माण होत नाहीत. आणि वयोमानाने त्यांचा जो ऱ्हास होतो, तो नलिकेच्या प्रवेशाजवळच्या, म्हणजे उच्च कंप्रतेचे तीव्र स्वर ग्रहण करणाऱ्या भागापासून सुरू होतो. आता भाषेतील स्वर हे खालच्या पट्टीतले व जोरकस असतात, तर स, श, फ, त, थ ह्यांसारखी व्यंजने वरच्या पट्टीतली व क्षीण असतात. त्यामुळे वृद्धाला बोलण्याचा आवाज तर येतो, पण शब्दाची कड हरवलेली असते. गोळी सहा वाजता घ्यायची की दहा वाजता, हे त्याला ओठांकडे पाहिल्यावाचून निश्चित करता येत नाही. शांत खोलीत समोर बसलेल्या मुलाशी तो नीट बोलतो, आणि लग्नाच्या पंगतीत, जेथे चोहीकडून आवाज येतात व नातवंडांचे बारीक स्वर त्यांत मिसळलेले असतात, तेथे तोच मनुष्य गोंधळून गप्प बसतो. त्याला कधी ऐकू येते आणि कधी येत नाही, ते ह्यामुळे. ह्यात लबाडीचा लवलेश नाही, आणि तसा आरोप करणे हा त्या माणसावर सरळसरळ अन्याय आहे.

ह्याच अज्ञानातून दुसरा समज निघतो, तो असा की, मोठ्याने ओरडून सांगितले म्हणजे भागते. ओरडण्याने स्वरांचा गोंगाट तेवढा वाढतो. व्यंजने त्यात अधिकच बुडून जातात. शिवाय केशपेशींच्या ऱ्हासामुळे, जेमतेम ऐकू येणारा आवाज आणि असह्य होणारा आवाज ह्यांमधले अंतर कमी होते, म्हणून ‘जरा मोठ्याने बोल’ म्हणणारे वडील दुसऱ्याच क्षणी ‘अरे, ओरडतोस कशाला’ असे म्हणतात, आणि दोन्ही वेळा ते खरेच बोलत असतात.

श्रवणयंत्र म्हणजे कानात बसवलेला लहानसा ध्वनिक्षेपक, ही कल्पना जुन्या, खिशात डबी आणि गळ्यापासून कानापर्यंत वायर अशा यंत्रांच्या काळातली आहे. आजचे डिजिटल यंत्र आवाजाचे कंप्रतेनुसार अनेक पट्टे पाडते, आणि त्या विशिष्ट माणसाच्या श्रवणालेखात, म्हणजे श्रवणमापनाच्या नोंदीत, ज्या पट्ट्यात जेवढी उणीव आढळली असेल तेवढीच तेथे भर घालते. क्षीण आवाज अधिक वाढवते, मोठा आवाज कमी वाढवते, आणि एका मर्यादेपलीकडे आवाज जाऊच देत नाही. ‘यंत्राची सवय लागली की कान आणखी बिघडतो’ ही भीती म्हणूनच निराधार आहे. कानाची झीज तिच्या स्वतःच्या कारणांनी होत राहते. श्रवणालेखाप्रमाणे जुळवलेले यंत्र तिला हातभार लावीत नाही. उलट वर्षानुवर्षे यंत्रावाचून राहिलेल्या कानाची शब्द ओळखण्याची शक्ती मंदावू शकते. म्हणूनच ‘आणखी थोडे बहिरेपण येऊ द्या, मग पाहू’ हा सल्ला, कितीही आपुलकीने दिलेला असला, तरी अहितकारक आहे. जाहिरात पाहून मागवलेले, सर्वच आवाज सरसकट वाढवणारे यंत्र, किंवा दिवंगत पतीचे यंत्र वाया जाऊ नये म्हणून पत्नीने वापरणे, हे प्रकारही, ती यंत्रे त्या माणसाच्या श्रवणालेखाप्रमाणे जुळवलेली नसल्यामुळे, त्याज्य समजावेत. दोन्ही कानांत दोष असल्यास दोन यंत्रे वापरणे सामान्यतः श्रेयस्कर, कारण आवाज कोणत्या दिशेने आला हे मेंदू दोन कानांच्या तुलनेनेच ठरवतो.

परंतु सर्वांत अधिक यंत्रे ज्या गैरसमजापायी कपाटाच्या खणात जाऊन पडतात, तो गैरसमज म्हणजे ती घातल्याबरोबर पूर्ववत ऐकू येईल ही अपेक्षा. जो मेंदू दहा-बारा वर्षे पंख्याची घरघर, वर्तमानपत्राची सळसळ, स्वयंपाकघरातील भांड्यांचा खणखणाट ह्यांवाचून राहिला, त्याला हे सारे एकदम परत मिळाले म्हणजे तो प्रथम भांबावतो. स्वतःचा आवाजही रांजणात बोलल्यासारखा वाटतो. ह्यातले महत्त्वाचे कोणते आणि सोडून देण्याजोगे कोणते, हे मेंदूने नव्याने शिकण्यास काही आठवडे, कित्येकदा काही महिने लागतात, आणि ही मुदत न देताच यंत्राला दोष देण्यात येतो. प्रारंभी शांत घरात, एका व्यक्तीशी बोलताना, दिवसातून काही तास वापरावे. मग वेळ वाढवीत जावे. आणि तक्रारी लिहून ठेवून श्रवणतज्ज्ञाकडे दोन-तीन वेळा तरी फेरजुळणीसाठी जावे. यंत्र शिटी वाजवीत असेल तर बहुधा त्याचा कानात बसणारा साचा सैल बसलेला असतो, अथवा कानात मळ साठलेला असतो. कोकणासारख्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवण्याची तजवीज करावी. बोटांना कंप असलेल्या वृद्धासाठी अगदी सूक्ष्म यंत्राचा हट्ट मुलांनी धरू नये. बारीक सेल बदलणे त्याला जमत नाही, आणि कानामागे बसणारे, चार्ज करता येणारे यंत्र त्याला अधिक मानवते. ते लोकांना दिसेल ही लाज मात्र सोडून द्यावी. पुन्हा पुन्हा ‘काय म्हणालात?’ असे विचारणे यंत्रापेक्षा फार लवकर लक्षात येते.

स्मृतिभ्रंशाच्या संबंधात हल्ली बरेच बोलले जाते, आणि तेथे अतिशयोक्ती दोन्ही बाजूंनी होते. श्रवणदोष हा स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या जोखमींपैकी एक आहे, असे ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने नमूद केले आहे. अमेरिकेत ७० ते ८४ वर्षे वयाच्या ९७७ लोकांवर तीन वर्षे चाललेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सर्वांचा एकत्र विचार करता श्रवणोपचाराने बौद्धिक ऱ्हासात लक्षणीय फरक पडलेला आढळला नाही. परंतु ज्यांना मुळातच अधिक धोका होता, त्या गटात ऱ्हासाचा वेग ४८ टक्क्यांनी कमी दिसला. तात्पर्य, स्मरणशक्ती वाचेलच अशी हमी देऊन कोणी यंत्र विकत असेल तर विश्वास ठेवू नये. संभाषणात पुन्हा भाग घेता येणे, फोनवर लेकीचे बोलणे कळणे, कीर्तनाला जाऊन बसावेसे वाटणे, हे लाभ मात्र पुष्कळांना प्रत्यक्ष मिळतात, आणि माझ्या मते यंत्र घेण्यास तेवढे कारण पुरेसे आहे.

यंत्राच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. गेलेल्या पेशी ते परत आणीत नाही, आणि गर्दीत त्याचीही दमछाक होते. म्हणून घरच्यांनी दूरचित्रवाणी बंद करून, समोर येऊन, चेहरा दिसेल असे, सावकाश बोलण्याची सवय ठेवावीच लागते. अतितीव्र बहिरेपणात यंत्र पुरे पडत नाही, तेथे कॉक्लिअर इम्प्लांटच्या शस्त्रक्रियेचा विचार होतो.

यंत्रापूर्वी कान-नाक-घसातज्ज्ञांकडून तपासणी अवश्य व्हावी, कारण पुष्कळदा दोष साठलेल्या मळाचा किंवा कानाच्या संसर्गाचा असतो. एका कानाचे ऐकू येणे अकस्मात, दोन-तीन दिवसांत गेले, तर ती तातडीची बाब समजून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. उपचारास विलंब झाला तर गेलेले श्रवण परत मिळण्याची शक्यता घटते. पुढील श्रवणमापन भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या श्रवणतज्ज्ञाकडून करवावे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून कार्यरत असलेली अली यावर जंग संस्था ह्याच कामासाठी आहे. अल्प उत्पन्नाच्या वृद्धांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना सुरू करून, ६५ वर्षांवरील पात्र नागरिकांना श्रवणयंत्रासह सहायक साधनांसाठी एकवेळ ३,००० रुपये देण्याचे ठरवले. एवढ्या रकमेत चांगले डिजिटल यंत्र येत नाही, ही वस्तुस्थिती शासनाने विचारात घ्यावी.

श्रवणमापनाला सुई लागत नाही, वेदना होत नाही, आणि ते साधारण अर्ध्या तासात होते. आपल्या घरातील साठीपुढच्या माणसाचे ते अद्याप झाले नसेल, तर ते ह्याच महिन्यात करवून घ्यावे, आणि त्यांना एकटे न पाठवता आपण स्वतः बरोबर जावे.